हात कधी बसतो?

लाल टोपी म्हणजे चाळीस, केशरी टोपी म्हणजे शंभर. इन्सुलिनच्या सिरिंजचं हे गणित नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सुरुवातीलाच पाठ होतं. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही मिळतं. बाटली शंभराची आणि सिरिंज लाल टोपीची अशी चुकीची गाठ पडली, की २०च्या खुणेपर्यंत ओढलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट येतात. अडीच पट. रुग्णाची साखर झरझर उतरते, दरदरून घाम फुटतो, शुद्ध हरपते. रात्रीच्या वेळी हे घडलं, तर शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांना वाटतं, बरं झालं, काकांना एकदाची झोप लागली.

म्हणून शेवटच्या वर्षाची मुलगी बाटली दिव्याखाली धरते. लेबल वाचते, टोपीचा रंग पाहते, पुन्हा लेबल वाचते, केसपेपर उघडते आणि आणखी एकदा लेबल वाचते. मागे उभं असलेलं कुणीतरी सुस्कारा टाकतं. औषधांची ट्रॉली अडकून पडलेली असते, अजून दहा खाटा बाकी असतात.

तिच्या या तिसऱ्यांदा वाचण्याला काय म्हणायचं? हिचा स्वतःवर विश्वास नाही असं म्हणायचं, की ही कामाला तयार झाली असं? वॉर्डात याचं उत्तर बहुतेक वेळा घाईत दिलं जातं, आणि घाईत दिल्यामुळे ते बरेचदा चुकतं.

अशा मुली रोज नवी मुंबईतल्या शिरवणे गावावरून जातात. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांत हे आगरी-कोळ्यांच्या पट्ट्यातलं गाव होतं. आता नेरूळच्या सेक्टरांनी त्याला कवेत घेतलंय. जुईनगर स्टेशन, सायन-पनवेल महामार्ग आणि एमआयडीसीच्या कारखान्यांचा पट्टा, सगळं हाकेच्या अंतरावर. गावठाणातल्या घरांवर मजले चढले आणि त्या मजल्यांवर भाडेकरू आले. डी. वाय. पाटील आणि तेरणा ही रुग्णालयं नेरूळमध्येच आहेत. महापालिकेची रुग्णालयं नेरूळला आणि वाशीला. महामार्गाने पुढे गेलं की कामोठ्याला एमजीएम. नर्सिंग शिकायला आणि शिकून लगेच नोकरी शोधायला एवढा सोयीचा पट्टा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. सकाळच्या पाळीला निघालेल्या मुलींच्या पिशवीत पांढरा एप्रन, डबा, कात्री, लाल-निळी पेनं आणि लॉगबुक असतं. यातलं सर्वांत जड लॉगबुक. त्याच्याकडे पुढे येऊच.

आधी कायद्याचं बोलू, कारण ते थोडक्यात आटपतं. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१मध्ये तो नव्याने आखला आणि वर्षांऐवजी आठ सत्रं आली. आठवं सत्र प्रामुख्याने इंटर्नशिपचं. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे एकूण १,०५६ तास. त्यांत सामुदायिक आरोग्याला चार आठवडे, प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेला सहा, बालरुग्णांना चार, मानसिक आरोग्याला चार आणि प्रसूतीला चार. जीएनएमचा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यातही शेवटी सहा महिन्यांची इंटर्नशिप. बी.एस्सी.च्या बहुतेक महाविद्यालयांचा निकाल नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून लागतो, अभिमत विद्यापीठांचा त्यांचा त्यांचा. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. नोंदणी क्रमांक हातात पडला की ती कायद्याने परिचारिका आणि प्रसाविका. आदल्या दिवशी तिच्या सहीशेजारी दुसऱ्या कुणाची सही लागायची, आता तिची एकटीची चालते.

या दोन दिवसांत तिच्या हातात काहीच बदललेलं नसतं.

मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: हात बसणे. पोळ्यांना हात बसतो, शिलाई मशीनवर बसतो, तबल्यावर बसतो. वॉर्डातही जुन्या सिस्टर हाच शब्द वापरतात. ‘हात बसला की येतं.’ यातली गंमत अशी, की हात आपण बसवत नाही, तो बसतो. किती वेळा करायला मिळालं यावर ते ठरतं. आणि इथेच लॉगबुकाचा विषय येतो.

लॉगबुकात प्रत्येक कृतीपुढे रकाने असतात. पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. या तीन शब्दांमध्ये शेवटच्या वर्षाची सगळी धाकधूक भरलेली आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात शीर शोधून सलाईन लावायचं म्हटलं, तर आधी निवासी डॉक्टर असतो, मग एमबीबीएसचे इंटर्न, मग कायमस्वरूपी सिस्टर, मग जीएनएमच्या मुली, मग बी.एस्सी.च्या. शीर मात्र एकच, आणि तीही तीन दिवसांच्या तापाने सुकलेल्या आजोबांची. प्रसूतिकक्षात बाळंत होणारी एक आणि भोवती लॉगबुकं घेतलेल्या सहा जणी, हे दृश्य लेबर रूमची पोस्टिंग केलेल्या कुठल्याही मुलीला नवं वाटणार नाही. रकाना भरायचा असतो. ‘पाहिलं’चं ‘मदत केली’ आणि ‘मदत केली’चं ‘स्वतः केलं’ कसं होतं, ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

मग मुलीला रात्री झोप येत नाही, यात नवल काय? वहीत लिहिलंय वीस वेळा केलं. हाताला माहीत आहे, तीन वेळा केलं. या अवस्थेला मानसशास्त्रातलं मोठं नाव द्यायची घाई करू नये. पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८मध्ये ‘इम्पोस्टर’ची कल्पना मांडली ती कर्तबगार स्त्रियांबद्दल. त्या स्त्रियांकडे यश होतं, आणि तरी आपण तोतया आहोत असं त्यांना वाटत होतं. आपल्या विद्यार्थिनीची गोष्ट निराळी आहे. तिचा संशय पुष्कळदा खरा असतो. तीन वेळा केलेल्या कामाबद्दल जेवढी खात्री असावी, तेवढीच तिला आहे. हिशेब चोख आहे. खोट वहीत आहे.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये ‘हे मला जमेल’ ही भावना कुठून येते याचे चार झरे सांगितले. त्यांत सर्वांत जोरकस झरा म्हणजे स्वतः काम करून ते पार पडल्याचा अनुभव. आपल्यासारखं कुणी करताना पाहणं दुसरं, कुणी भरवशाने धीर देणं तिसरं, आणि चौथं म्हणजे स्वतःच्या शरीराची भाषा, छातीतली धडधड आणि हाताचा कंप. महाविद्यालयांच्या निरोप समारंभात भर असतो तो तिसऱ्यावर. ‘आत्मविश्वास बाळगा’ असं व्यासपीठावरून सांगणं स्वस्त पडतं. पहिल्या झऱ्याला मात्र खाटा लागतात, वेळ लागतो आणि शेजारी उभी राहायला मोकळी असलेली अनुभवी सिस्टर लागते.

ती मोकळी कुठून असणार? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. हे वाक्य कुठल्याही सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेसमोर मोठ्याने म्हणून पाहावं. ती हसेल. जिथे चाळीस खाटांवर दोघी-तिघी असतात, तिथे विद्यार्थिनी हीच जास्तीची माणसं ठरतात. रक्ताचे नमुने पोचवणं, चादरी मोजणं, एक्स-रेला रुग्ण नेणं, बीपीचा तक्ता भरणं. यातलं काहीच कमीपणाचं नाही. पण १,०५६ तासांतले किती तास जिन्यावर गेले, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

पुतळ्यांचंही सांगायला हवं. नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा आहे आणि बऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत उत्तम पुतळे आले आहेत. त्यांच्या हातात रबराची शीर असते, छाती दाबली तर दिवा लागतो. चूक करायला ही सर्वांत सुरक्षित जागा, म्हणून तिचं मोल मोठं. पण पुतळा हात मागे ओढत नाही. ‘बाई, नवीन आहात का?’ असं विचारत नाही. त्याची आई पलंगाच्या पायाशी उभी राहून तुमच्या बोटांकडे पाहत नाही.

मुलीला नवखेपणाची लाज वाटू लागली, की तिला पॅट्रिशिया बेनर यांच्याबद्दल कुणीतरी सांगायला हवं. या अमेरिकन परिचारिकेने १९८४मध्ये ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या. नुकतीच उत्तीर्ण झालेली मुलगी त्यांच्या शिडीत दुसऱ्या पायरीवर असते. तिसरी पायरी, जिला आपण ‘काम येतं’ म्हणू, ती एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर येते. त्याआधी दहा वर्षं, १९७४मध्ये, मार्लिन क्रेमर यांनी ‘रिअॅलिटी शॉक’ लिहिलं होतं. शाळेत शिकवलेली शुश्रूषा आणि वॉर्डात चालणारी शुश्रूषा यांतली दरी पाहून नव्या परिचारिका हबकतात आणि काम सोडतात, हा त्याचा विषय. २००४मध्ये डेन्व्हर भागातल्या रुग्णालयांत केसी, फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या परिचारिकांचा अभ्यास केला, तेव्हा कामात आत्मविश्वास यायला किमान बारा महिने लागतात असं दिसलं. ही डेन्व्हरची गोष्ट, जिथे वॉर्डाची स्थिती आपल्यापेक्षा बरी. तेव्हा शिरवण्याच्या भाड्याच्या खोलीत आठव्या सत्राला जी मुलगी ‘मला अजून काहीच येत नाही’ म्हणते, ती वेळेच्या मागे नाही. तिला फक्त वेळापत्रक कुणी दाखवलेलं नाही.

या लेखाला जे म्हणायचं आहे ते इथे म्हणून टाकू. वॉर्डात शंका दोन प्रकारच्या असतात. एकीचं तोंड बाटलीकडे असतं: ही ४०ची की १००ची? सलाईनची ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, सेट एका मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. पण आज दिलेला सेट १५ थेंबांचा तर नाही? मग १६ थेंब हवेत. दुसऱ्या शंकेचं तोंड स्वतःकडे: माझ्यासारखीने इथे यावंच का? पहिली शंका रुग्ण वाचवते. दुसरी मुलीला पोखरते. आणि पहिलीचं दुसरीत रूपांतर करायला एक वाक्य पुरतं: ‘फायनल इयरला आलीस, एवढंही येत नाही?’

हे वाक्य म्हणणारी सिस्टर दुष्ट नसते. तिला सकाळची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, द्यायची असते, दोन रुग्ण थिएटरला पाठवायचे असतात, आणि ती विद्यार्थिनी असताना तिलाही कुणीतरी हेच म्हटलेलं असतं. पण त्या वाक्यानंतर मुलगी विचारणं बंद करते. थेंबांचा हिशेब मनातल्या मनात उरकते. वरून बघणाऱ्याला वाटतं, आता आली हिला धिटाई. शेवटच्या वर्षाच्या मुलींमध्ये काळजी करावी ती गप्प झालेल्यांची. तिसऱ्यांदा लेबल वाचणारीची नव्हे.

भाषेचा पेच वेगळाच. बारावीला विज्ञान शाखा आणि इंग्रजीसह ४५ टक्के गुण असले की बी.एस्सी.साठी पात्र होता येतं, पण पुढची चारही वर्षं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेली मुलगी केअर प्लॅन लिहिताना अडखळते, केस मांडताना घाबरते आणि शेजारची फाडफाड बोलते म्हणून स्वतःला कच्ची समजते. खाटेपाशी मात्र फासे उलटे पडतात. अभ्यासक्रम शिकवतो, दुखण्याला शून्य ते दहा आकडा विचारा. आजीबाई आकडा देत नाहीत. त्या म्हणतात ठणका लागलाय, किंवा चमक निघते, किंवा मुरडा येतो, किंवा नुसती ओढ लागते. ठणका नाडीसारखा ठोके देत दुखतो, गळू असावं. चमक हालचालीबरोबर येते आणि जाते. मुरडा आतड्यांचा. कळा थांबून-थांबून येतात, आणि गरोदर बाई ‘कळ’ म्हणाली की घड्याळ बघायचं असतं. इतकं निदान मराठी शब्दांतच भरलेलं आहे, आणि ते जिला जन्मतः येतं तिला वाटतं, आपल्याला काही येत नाही! डॉक्टर परप्रांतातला असला तर हीच मुलगी खाटेपाशी दुभाषी होते. त्या कामाला लॉगबुकात रकाना नाही; असायला हरकत नव्हती.

सामुदायिक आरोग्याच्या चार आठवड्यांत हे जास्त ठळक होतं. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत शिरवण्याचं केंद्रही आहे. अशा केंद्रांच्या हद्दीत घरोघरी जायचं म्हणजे ना ट्रॉली, ना मॉनिटर. दारात उभं राहून आधी सासूशी बोलायचं, मग सुनेशी. बाळाचं लसीकरणाचं कार्ड मागायचं, ते कपाटाच्या वरच्या फळीतून निघेपर्यंत थांबायचं, आणि मधल्या वेळात घरातल्या आजोबांच्या पायाची न भरणारी जखम नजरेने टिपायची. वॉर्डात खाली मान घालून वावरणाऱ्या काही मुली इथे खुलतात. वॉर्डातल्या हुशार मुली इथे गोंधळतात. तयारी म्हणजे एकच गोष्ट असती, तर असं झालं नसतं.

तयारीची कसोटी कधी कधी तारीख ठरवून येत नाही. ३ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, केंद्र सरकारने निर्णय जाहीर केला की अंतिम परीक्षेची वाट पाहत असलेल्या जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड शुश्रूषेचं काम देता येईल. नवी मुंबईत तेव्हा वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्राचं कोविड रुग्णालय झालेलं होतं. काल ज्यांना ‘एवढंही येत नाही’ म्हटलं जात होतं, त्यांना देशाने एका दिवसात तयार ठरवलं. निर्णय गरजेचा होता. पण त्यातला ‘देखरेखीखाली’ हा शब्द वाचताना थांबायला होतं. संकटात जी देखरेख हवी असं सरकारला वाटलं, ती शांततेच्या काळात पहिल्या नोकरीवर आलेल्या मुलीला का मिळत नाही?

मुरलेल्या परिचारिकेचं उदाहरण द्यायचं, तर मुंबईत एक आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री अंजली कुलथे कामा रुग्णालयात गर्भवतींच्या कक्षात ड्युटीवर होत्या. दहशतवादी आवारात शिरल्यावर त्यांनी कक्षाची दारं लावून घेतली आणि वीस गर्भवतींना टोकाच्या पँट्रीत हलवलं. त्यांतल्या एका उच्च रक्तदाबाच्या बाईला त्याच धामधुमीत कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात पोचवलं. पुढे त्यांनी त्या दहशतवाद्यांपैकी कसाबची ओळख पटवली, आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीबद्दल बोलल्या. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. विद्यार्थिनींनी दुसरीकडेही पाहावं. रुग्ण मोजणं, जोखमीची बाई कोणती हे डोक्यात पक्कं असणं, प्रसूतिकक्षाची वाट अंधारात सापडणं: ही सगळी रोजच्या पाळीतली कामं. बाहेर गोळ्या झडत असतानाही ती हातांनी केली, कारण हात बसलेले होते.

या पेशात मुलींना स्वतःविषयी शंका वाटायला लावण्याचं काम एकेकाळी समाजाने मनापासून केलं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे बऱ्या घरच्या बाईचं काम नव्हे असं मानलं जाई. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयाच्या मदतीने स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. तो विरोध आता उरलेला नाही. लग्नाच्या बैठकीत ‘नाइट ड्युटी असते का हो?’ एवढाच त्याचा अवशेष. मुलगेही येतात आणि वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून ओळखले जातात.

आजची शंका पोटाची आहे. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये अशी शिफारस केली. शिफारस ती शिफारस. मे २०२२मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतामार्फत कंत्राटी भरतीला विरोध हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आत्मविश्वासाच्या लेखात हे कशाला, असं कुणी विचारेल. लहान खासगी रुग्णालयात नवी मुलगी रुजू होते, चार दिवस कुणाबरोबर तरी फिरते आणि पाचव्या रात्री मजल्यावर एकटी असते. कमी पगारात अनुभवी सिस्टर टिकत नाही, म्हणून शेजारी उभं राहायला कुणी नसतं. हात बसवणारा हातच पगाराअभावी निघून गेलेला असतो.

ब्रिटनमध्ये नव्या परिचारिकेला सुरुवातीच्या काळात एक ठरावीक अनुभवी परिचारिका नेमून देण्याची पद्धत आहे. अमेरिकेत अनेक रुग्णालयं वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम चालवतात. आपल्याकडेही काही मोठी रुग्णालयं रुजू झाल्यावर प्रशिक्षण देतात. पण सहा महिने एकीला एकीच्या शेजारी उभं करायला यंत्र लागत नाही. ड्युटीच्या तक्त्यात दोन नावं एकाच ओळीत लिहावी लागतात, आणि त्या ओळीसाठी पगार मोजायची तयारी लागते. महाविद्यालयांनीही एक करावं: लॉगबुकात खरे आकडे लिहू द्यावेत. ‘स्वतः केलं: ३’ असं लिहिणाऱ्या मुलीला चौथी संधी कुठे द्यायची हे तरी मग कळेल.

वाचकांपैकी बहुतेकांचा या मुलींशी संबंध येईल तो खाटेवर पडल्यावर. हातात सिरिंज घेऊन आलेली तरुण सिस्टर थांबली, लेबल पुन्हा वाचू लागली आणि तुमचं नाव तिने दुसऱ्यांदा विचारलं, तर वैतागू नका. पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. या पट्ट्यातल्या कुठल्याही वॉर्डात एका वेळी तीन पाटील आणि दोन म्हात्रे असतात.